रोजची प्रॉडक्शन मीटिंग तासभर चालते, तरी ४ ची गाडी चुकतेच. कुठे सुधारायचं?

टर्निंगवाला

भोसरी एमआयडीसीतला मशीनिंगचा प्लांट आहे. १४ सीएनसी (संगणकावर चालणारी) टर्निंग मशिन्स, ४ व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन्स). फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा नग) बाहेरून येतं, टर्निंग-मिलिंग आत होतं, हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणं) जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडे, जातं, परत आल्यावर ग्राइंडिंग, फायनल इन्स्पेक्शन, पॅकिंग. शिफ्ट ७ ते ३.३०, ३.३० ते १२ आणि १२ ते ७. तिसऱ्या शिफ्टला निम्मी मशिन्स चालतात. ग्राहकाची गाडी दुपारी ४ ला लागते.

रोज सकाळी १० ला मालकांच्या केबिनमध्ये मीटिंग असते. प्रॉडक्शन, पीपीसी (उत्पादन नियोजन), क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, स्टोअर, डिस्पॅच, खरेदी, एचआर, अकाउंट्स आणि स्वतः मालक, असे ११ जण. ठरलेला वेळ अर्धा तास, प्रत्यक्षात ५० ते ६० मिनिटं जातात. अडचणी अशा:

पहिली २० मिनिटं आकड्यांच्या वादात. एकाच पार्टचे प्रॉडक्शन म्हणतं ४१२ काढले, क्वालिटी म्हणतं ३५८, डिस्पॅचकडे ३४०.

हीट ट्रीटमेंटचा माल उशिरा येतो हा विषय तीन आठवडे रोज निघतो. रोज "पाठपुरावा चालू आहे" असं लिहिलं जातं.

मालक एखादा रिजेक्ट नग हातात घेतात आणि उरलेली मीटिंग त्या नगावरच संपते.

मिनिट्स व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकतो. सगळे अंगठा देतात, वाचत कुणी नाही.

गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी नुसता गोंधळ.

शिवाय गेल्या वर्षी भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली. मालकांचं म्हणणं, रोज बसतोच आहोत तर "हीच बोर्ड मीटिंग समजा". हे चालतं का?

नुसतं "अजेंडा आधी पाठवा" असं नको. वेळ, माणसं, फॉर्मॅट, काय लिहायचं, एवढं नेमकं सांगा.

---

नियोजनवाली

तुमच्या मीटिंगमध्ये तीन वेगवेगळी कामं एकाच तासात कोंबली आहेत: काल काय झालं ते बघणं, आज काय पाठवायचं ते ठरवणं आणि बिघाडाचं कारण शोधणं. पहिल्या दोन कामांना मिळून १५ मिनिटं पुरतात. तिसरं काम ११ जणांत होतच नाही, त्याला दोन-तीन जण आणि ते मशीन लागतं. हे वेगळं काढल्याशिवाय बाकी काही करून फरक पडणार नाही.

आधी आकडे. ४१२, ३५८ आणि ३४० हे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ४१२ हा मशीनच्या काउंटरचा आकडा. त्यातले २२ रीवर्कला, ६ रिजेक्ट, २६ होल्डवर (निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवलेले), म्हणजे ओके ३५८. आता क्रेटमध्ये २० नग बसत असतील तर १७ क्रेट भरून ३४० पॅक होतात आणि १८ सुटे राहतात. सुटे नग गाडीत जात नाहीत म्हणून डिस्पॅच ३४० म्हणतं. कुणीच खोटं बोलत नाही, प्रत्येक जण आपापल्या दारातून मोजतोय. (तुमच्याकडे मधले आकडे वेगळे असतील, पण फरक बहुतेक याच चार-पाच ठिकाणी सापडेल.)

म्हणून एकदाच बसून लेखी ठरवा:

१. उत्पादनाचा दिवस सकाळी ७ ते दुसऱ्या सकाळी ७. तिसऱ्या शिफ्टचं काम आदल्या दिवसात धरायचं.

२. बोर्डावर प्रत्येक पार्टपुढे पाच रकाने: प्लॅन, काउंटर, ओके, होल्ड-रीवर्क-रिजेक्ट मिळून, आणि पॅक. प्रत्येक रकान्याचा मालक एक. काउंटर प्रॉडक्शन भरणार, ओके आणि होल्ड क्वालिटी, पॅक डिस्पॅच.

३. ८.३० ला बोर्ड भरून तयार. ८.३० नंतर आकडा बदलायचा नाही. चुकला असेल तर दुरुस्ती उद्याच्या बोर्डावर.

४. काउंटर वजा सगळी वजावट बरोबर ओके येत नसेल, तर फरक कुठे आहे ते ८.३० ते ९ च्या मध्ये त्या दोघांनी शोधायचं. मीटिंगमध्ये हा विषय काढायचाच नाही.

शेवटचा नियम पहिले चार-पाच दिवस जड जातो. आकडा जुळला नाही तर बोर्डावर तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. दोन प्रश्नचिन्हं सगळ्यांसमोर दिसली की तिसऱ्या दिवशी माणसं ८ लाच हिशेब जुळवायला बसतात.

मीटिंग ९ ला. १० फार उशीर होतो. पहिली शिफ्ट ७ ला सुरू झालेली असते, १० ला घेतलेला निर्णय मशीनपर्यंत पोचून सेटिंग बदलेपर्यंत १२ वाजतात. त्यानंतर टर्निंग, ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन करून ४ ची गाडी गाठणं म्हणजे वरातीमागून घोडं.

जागा केबिन नको, शॉपवर बोर्डासमोर, उभ्याने. पण कॉम्प्रेसरजवळ नको, ऐकू येत नाही आणि मागचे तिघं आपसात बोलत बसतात. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलालगतची भिंत चांगली, होल्डचे नग समोरच असतात.

क्रम असा ठेवा:

पहिली २ मिनिटं: अपघात किंवा थोडक्यात वाचलेला प्रसंग, आणि ग्राहकाची नवीन तक्रार. नसेल तर "नाही" म्हणून पुढे.

पुढची ५ मिनिटं: आजची गाडी. पार्टवार किती हवेत, किती पॅक आहेत, उरलेले आत्ता कुठे आहेत. "लाइनवर आहेत" हे उत्तर घ्यायचं नाही. "१२० ग्राइंडिंगला, ६० इन्स्पेक्शनला" असं हवं.

मग ४ मिनिटं: कालची तूट. फक्त ज्या पार्टला प्लॅनच्या ९० टक्क्यांखाली काम झालं तेच, आणि ३० मिनिटांपेक्षा मोठा ब्रेकडाउन. बाकीच्यांबद्दल बोलायचंच नाही.

शेवटची ४ मिनिटं: आजचे अडथळे आणि कामं लिहून घेणं.

गाडी आधी आणि कालची तूट नंतर, हा क्रम उलटा करू नका. काल आधी घेतला की सगळा वेळ सफाई देण्यात जातो आणि गाडीचा विषय शेवटच्या दोन मिनिटांत उरकतो. तुमची गाडी चुकण्याचं हे एक सरळ कारण असणार.

माणसं सात: प्रॉडक्शन, पीपीसी, क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, स्टोअर, डिस्पॅच. एचआर रोज नको. गैरहजेरीचा आकडा टाइम ऑफिसने ८ ला बोर्डावर लिहिला की झालं. खरेदी आणि अकाउंट्सना आठवड्यातून दोनदा, वेगळ्या वेळी. हिशेब करून बघा: ११ जण ५५ मिनिटं म्हणजे रोज १० तासांहून जास्त मनुष्यवेळ. सात जण १५ मिनिटं म्हणजे पावणेदोन तास.

---

गेज_मास्तर

आकड्यांचं ताईंनी सांगितलं, त्यात भर घालायला काही नाही. मी कामांच्या यादीवर बोलतो, कारण "पाठपुरावा चालू आहे" हे वाक्य जिथे चालतं तिथे १५ मिनिटांची मीटिंग केली तरी तीच परिस्थिती राहते.

यादीतून हे शब्द हद्दपार करा: पाठपुरावा करणे, लक्ष ठेवणे, बघून घेणे, चर्चा करणे, समज देणे. यातलं कुठलंच काम "झालं" की "नाही झालं" हे सांगता येत नाही. चालू वाक्य आणि हवं असलेलं वाक्य शेजारी ठेवतो:

"हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पाठपुरावा करणे: खरेदी, पीपीसी."

"हब पार्ट, ६०० नग, हार्डनेस रिपोर्टसह आपल्या गेटच्या आत, बुधवार दुपारी २ पर्यंत. जबाबदारी: पीपीसी. सकाळी ११ पर्यंत तिथून गाडी निघाली नसेल तर प्लांट हेडला फोन."

दुसऱ्यात वस्तू आहे, नग आहेत, वेळ आहे, एकच माणूस आहे, आणि गडबड होणार असं कधी कळेल तेही आहे. ते ११ वाजताचं कलम सगळ्यात कामाचं. २ वाजता "आलं नाही" हे कळून काही करता येत नाही, ११ ला कळलं तर टेम्पो पाठवता येतो.

नाव एकच. दोन नावं लिहिली की दोघंही समोरच्यावर टाकून मोकळे. आणि नाव त्याचंच लिहायचं जो तिथे उभा आहे. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकलं की ते त्याला संध्याकाळी कळतं.

तारीख पुढे ढकलली तर जुनी खोडून टाकायची नाही. आडवी रेघ मारून शेजारी नवी लिहायची. तिसरी तारीख पडली की ते काम या मीटिंगमधून काढायचं. तो अडथळा आता त्या माणसाच्या हातातला राहिलेला नाही, वर जायला हवा.

तुमच्या हीट ट्रीटमेंटचंच घ्या. तीन आठवडे एकच विषय असेल तर तो पाठपुराव्याचा प्रश्न नाही. दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही माल किती-किती पाठवता? जॉबवर्कर भट्टीचा चार्ज (एका वेळी भट्टीत जाणारा माल) भरल्याशिवाय लावत नाही. तुम्ही रोज १५० नग पाठवत असाल आणि त्याचा चार्ज ६०० ला भरत असेल, तर तो त्याच ग्रेडचा, त्याच सायकलचा माल जमेपर्यंत थांबणारच. चार्जच्या पटीत माल पाठवा, वार ठरवून घ्या. दोन, त्याचं बिल किती दिवस अडकलंय? एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. तुमच्याकडे ९० दिवस होत असतील तर तो आधी पैसे देणाऱ्याचा माल लावणार. हे उत्तर खरेदीकडे नसतं, अकाउंट्सकडे असतं. आणि ते सगळ्यांसमोर कुणी बोलत नाही, म्हणून "पाठपुरावा चालू आहे".

रिजेक्शनचा नियमही असाच ठेवा. एकच दोष तीन वेळा आला की तो मीटिंगमधून बाहेर, त्याच दिवशी मशीनवर ३० ते ४० मिनिटं, फक्त तिघं: लाइन सुपरवायझर, टूल रूम, क्वालिटी. समजा ३२ एच७ बोअर (३२ मिमी व्यासाचं भोक, एच७ ही मापातली सूट) लहान येतोय. मर्यादा शून्य ते +०.०२५ मिमी. इन्सर्ट (कापणारी, बदलता येणारी धार) दर १५० नगांना बदलायचा असं कार्डवर लिहिलंय, पण झीज होत होत १२० व्या नगालाच बोअर खालच्या मर्यादेला टेकतो. ऑपरेटर ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देतो, पुढचे दहा नग मोठे येतात. हे केबिनमध्ये नग हातात फिरवून कळत नाही. शेवटच्या ५० नगांचे मापांचे आकडे ओळीने मांडले की दहा मिनिटांत दिसतं. उपाय म्हणून "ऑपरेटरला समज दिली" लिहिलंत तर तो दोष पुढच्या महिन्यात परत येतोच, कारण १५० चं कार्ड तसंच राहिलेलं असतं. काम असं लिहायचं: "कार्डावर इन्सर्ट बदल १०० नगांना, दर २५ नगांना एअर गेजने माप, आज दुसऱ्या शिफ्टपासून."

जाता जाता: आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) असेल तर वर्षातून किमान एकदा मॅनेजमेंट रिव्ह्यू लागतो. त्यात कमी दर्जामुळे होणारा खर्च, ग्राहकाचं स्कोअरकार्ड, वॉरंटी, मेंटेनन्सची उद्दिष्टं वगैरे ठरलेले विषय असतात, आणि ग्राहकाचं टार्गेट चुकत असेल तर लेखी कृती आराखडा. रोजच्या बोर्डाचे फोटो आणि कामांची यादी महिन्यावार ठेवलीत तर ऑडिटच्या आदल्या रात्री मिनिट्स रचत बसावं लागत नाही. अनेक ठिकाणी नेमकं तेच चालतं आणि ऑडिटरला ते पहिल्या पानावरच कळतं: सगळ्या कामांची तारीख एकच असते.

---

सातपूरकर

बाकी पटलं, दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

उभ्याने मीटिंग घेतली की आपोआप छोटी होते, हा गैरसमज. उभे राहून ४० मिनिटं बोलणारी माणसं भरपूर आहेत. मीटिंग छोटी होते ती चालवणाऱ्यामुळे. त्याच्याकडे एकच वाक्य हवं: "हे दोघांनी ९.१५ ला इथेच थांबून बोला." एखादा विषय दीड मिनिटाच्या पुढे गेला की हे वाक्य. बोर्डाच्या कोपऱ्यात एक चौकोन आखायचा, विषय आणि दोन नावं तिथे टाकायची. पण मीटिंग संपल्यावर चालवणाऱ्याने तिथे दोन मिनिटं थांबून ती दोघं खरंच बोलायला लागली का ते बघायचं. नाही बघितलं तर तो चौकोन म्हणजे विषय पुरायची जागा होते.

चालवणारा कोण, हे कुणी अजून लिहिलं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर नको, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यालाच द्यायची असतात. प्लांट हेड असेल तर तो, नसेल तर पीपीसी. दर आठवड्याला माणूस बदलायची टूम काही ठिकाणी असते, सुरुवातीला ती करू नका. निदान तीन महिने एकच माणूस.

दुसरं, मालकांना बाहेर ठेवा असं ताईंनी यादीतून सुचवलंय, पण सांगायचं कसं? "तुम्ही येऊ नका" असं भोसरीत काय, सातपुरात काय, कुणी म्हणू शकत नाही. त्यांना वेगळी आणि जास्त महत्त्वाची जागा द्या. १०.३० ला दहा मिनिटं, एक कागद, त्यावर फक्त त्यांच्याच हातातले निर्णय: ओव्हरटाइमला मंजुरी, गाडी चुकतेय तर स्पेशल टेम्पोचा खर्च, अडलेलं पेमेंट, ग्राहकाला करायचा फोन. प्रत्येकाखाली "हो / नाही" आणि किती रुपये. असा कागद रोज हातात पडला की मालकाला ९ च्या मीटिंगची गरज वाटत नाही. सगळ्या प्लांटचा ताबा त्या अर्ध्या पानात असतो.

आणि तरीही आलेच, तर बोर्डावरचा क्रम त्यांना आधीच माहीत असू द्या आणि त्यांनी शेवटी बोलावं अशी विनंती करा. मालक पहिल्यांदा बोलले की पुढचा प्रत्येक जण त्यांच्या मताला धरूनच बोलतो. मेंटेनन्सवाल्याला माहीत असतं की स्पिंडलचा (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याचा) आवाज बदललाय, पण "मशीनला काही झालेलं नाही" असं मालक म्हणून गेले असतील तर तो गप्प बसतो.

व्हॉट्सॅपबद्दल: मीटिंग संपल्यावर बोर्डाचा एक फोटो, बस. टाइप केलेले मिनिट्स नको आणि ग्रुपवर चर्चा नको. बोर्डावर आहे तेवढंच खरं. ग्रुपवर "होऊन जाईल सर" असं उत्तर आलं आणि बोर्डावर लाल आहे, तर लालच.

लाइन लीडर बिहार-ओडिशाचे असतील तर तोंडी काम हिंदीत चालवा आणि बोर्डावर शक्यतो आकडे, पार्ट नंबर, लाल-हिरवं एवढंच ठेवा. लांब मराठी किंवा इंग्रजी वाक्यं लिहिली की ती फक्त लिहिणाऱ्यासाठी उरतात.

---

टर्निंगवाला

१०.३० चा कागद ही कल्पना चालेल असं वाटतं. आणि हीट ट्रीटमेंटला आम्ही खरंच रोज थोडा-थोडा माल पाठवतो. चार्ज किती नगांना भरतो ते आजच विचारतो.

शुक्रवारचं आणि बोर्ड मीटिंगचं राहिलं.

---

नियोजनवाली

शुक्रवारची मीटिंग बुधवारी घ्यायची असते. बुधवारी दुपारी ३ ला, पहिली शिफ्ट सुटायच्या आधी, १० मिनिटं, तीन प्रश्न:

शुक्रवारी ७ ला कुठल्या मशीनवर कुठला पार्ट लागणार, त्याचं फोर्जिंग, इन्सर्ट आणि जॉज (नग धरणारे जबडे) मशीनपाशी आहेत का? स्टोअर शुक्रवारी ८ ला उघडत असेल तर पहिला तास इथेच गेला.

गुरुवारी मेंटेनन्स काय उघडणार? मशीनचा नंबर, काम, आणि कितीला बंद करून हातात देणार ती वेळ. "जमलं तर टरेट बघू" असलं काम सुट्टीच्या दिवशी उघडायचंच नाही, शुक्रवारी ७ ला ते मशीन उघडंच सापडतं.

ग्राहकाची सुट्टी रविवारी असेल आणि गाडी गुरुवारीही येत असेल, तर गुरुवारचे क्रेट बुधवारी रात्रीपर्यंत पॅक आहेत का? चावी कुणाकडे?

शुक्रवारी सकाळी मशीन थंड असतं. स्पिंडल १५-२० मिनिटं गरम न करता पहिला नग काढला तर माप हलतं, ऑफसेट दिला जातो आणि मशीन तापल्यावर ते परत उलटं हलतं. म्हणून शुक्रवारच्या प्लॅनमध्ये पहिला तास धरायचाच नाही. प्लॅनच आठ तासांचा ठेवून मग ९ ला "तूट का?" असं विचारलं तर ती तूट नियोजनाची असते, शॉपची नाही.

---

कलम_१७३

"हीच बोर्ड मीटिंग समजा" हे चालत नाही. रोजच्या मीटिंगला कायदा काही विचारत नाही, पण संचालक मंडळाच्या सभेचे नियम कंपनी कायदा २०१३ मध्ये ठरलेले आहेत आणि दोन्ही एकत्र केलं तर दोन्ही बिघडतात.

सभा किती: वर्षाला किमान चार, दोन सभांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. कंपनी "छोटी कंपनी" या व्याख्येत बसत असेल तर कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक पुरते, पण त्या दोनमध्ये किमान ९० दिवसांचं अंतर हवं. म्हणजे ३० जूनला एक आणि १ जुलैला दुसरी घेऊन मोकळं होता येत नाही. व्याख्येच्या भांडवल आणि उलाढालीच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, त्या वर्षीची मर्यादा सीएकडून तपासून घ्या.

नोटीस: किमान ७ दिवस आधी, लेखी, प्रत्येक संचालकाला त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावर. हातोहात, पोस्टाने किंवा ईमेलने चालते. "रोज १० ला असतेच" ही नोटीस होत नाही. नोटीस द्यायची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याची, त्याला चुकल्यास २५,००० रुपये दंड आहे.

गणसंख्या: एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, जे जास्त असेल ते. घरच्या कंपनीत दोनच संचालक असतात, म्हणजे दोघंही हवेत. व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहिलेलाही धरला जातो. इथे नेहमी होणारी गफलत: पत्नी किंवा भाऊ नावाला संचालक, सभेला कधीच नाही. सलग १२ महिन्यांत झालेल्या एकाही सभेला संचालक हजर नसेल तर त्याचं पद कलम १६७ प्रमाणे आपोआप रिकामं होतं, रजा मागितली असली तरी.

काय सभेतच ठरवावं लागतं: कर्ज घेणं, कंपनीचा पैसा गुंतवणं, कर्ज किंवा हमी देणं, वार्षिक हिशेब मंजूर करणं हे कलम १७९ मधले विषय सभेतच. फिरवलेल्या कागदावर सह्या घेऊन हे ठराव होत नाहीत. नवीन व्हीएमसीसाठी बँकेत गेलात की बँक ठरावाची प्रमाणित प्रत मागते. त्या तारखेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त फाइलला नसेल तर तो ठराव नुसता लेटरहेडवरचा कागद असतो. छोट्या, घाईच्या गोष्टींसाठी कलम १७५ खाली सगळ्या संचालकांना मसुदा पाठवून बहुमताने ठराव करता येतो. त्याची नोंद पुढच्या सभेत घ्यायची.

इतिवृत्त: सभा संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा सगळ्या संचालकांना, त्यांना शेरे द्यायला ७ दिवस, आणि ३० दिवसांच्या आत मिनिट बुकात नोंद. पानांना सलग क्रमांक. वेगळा छापलेला कागद बुकात चिकटवायचा नाही, कायद्याखालच्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. अध्यक्षाने प्रत्येक पानावर आद्याक्षरी आणि शेवटच्या पानावर सही, तारीख, ठिकाण. मजकूर भूतकाळात, ठराव मात्र वर्तमानकाळात: "ठरवण्यात येत आहे की...". कोण काय बोललं त्याचा शब्दशः वृत्तांत नको. निर्णय, त्यामागचं थोडक्यात कारण, आणि कुणाचा विरोध असेल तर त्याचं नाव. नंतर बुकात फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० ते १ लाख रुपये दंड आहे, म्हणून मागच्या तारखेचे इतिवृत्त मार्चअखेरीला एका बैठकीत लिहून काढायची सवय असेल तर सोडा.

हितसंबंध: प्लांटचा गाळा संचालकाच्या घरच्या माणसाच्या नावावर असेल आणि कंपनी त्याला भाडं देत असेल, तर तो विषय निघेल तेव्हा संचालकाने ते आधी जाहीर करायचं आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. प्रायव्हेट कंपनीत जाहीर केल्यावर त्याला चर्चेत भाग घेता येतो.

रोजच्या बोर्डाचा आणि याचा संबंध एवढाच की तिमाहीचे आकडे तिकडून इकडे येतात. संचालकांना नोटिशीबरोबर दोन पानं पाठवा: उलाढाल, येणं-देणं, गाड्या किती चुकल्या, रिजेक्शनचा खर्च. हब पार्टच्या बोअरवर तिथे बोलायचं नाही.

---

नवा_सुपरवायझर

एक शंका. ९ ची मीटिंग पहिल्या शिफ्टची झाली. दुसऱ्या शिफ्टला वेगळी घ्यायची का? संध्याकाळी स्टोअर आणि टूल रूमला माणूस नसतो.

---

गेज_मास्तर

मीटिंग नको, मशीनवर हस्तांतर हवं. ३.३० ला दोन्ही शिफ्ट गेटवरच एकमेकांना ओलांडतात, मध्ये वेळ नसतो. त्यामुळे दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरने ३.१५ ला यायचं आणि पहिल्याबरोबर ठरलेल्या मार्गाने लाइन फिरायची. प्रत्येक मशीनवर चार गोष्टी: कुठला पार्ट चालू, शेवटच्या नगाचं माप किती, इन्सर्टचे किती नग झाले, होल्डवर काय आहे. रजिस्टरमध्ये एक ओळ, दोघांची सही. "सगळं ठीक" ही नोंद चालवून घेऊ नका.

टूल रूम बंद असते म्हणून ३ वाजताच दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टचे इन्सर्ट मोजून काढून घ्यायचे आणि कपाटाची चावी सुपरवायझरकडे. किती काढायचे त्याचा हिशेब: शिफ्टचा प्लॅन भागिले एका कडेचे नग, भागिले इन्सर्टच्या कडा, वर एक जादा. ३०० नगांचा प्लॅन, कडेला १००, दोन कडांचा इन्सर्ट असेल तर दोन अधिक एक, म्हणजे तीन. रात्री २ ला इन्सर्ट संपून मशीन थांबलं, तर ९ च्या बोर्डावर ती तूट टूल रूमच्या नावावर.